मुलाची साखर कमी का झाली? कारण शोधायची वाट

लग्नघरातून थेट आलेली चार वर्षांची पोर माझ्यासमोर स्टुलावर बसून भडंग खात होती. हाताला आदल्या दिवशीची हळद तशीच होती. आजी सांगत होती, "सकाळी हाक मारली तर ओ देईना. डोळं पांढरं केलं, हातपाय आखडलं. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं आन् पाच मिनिटांत उठून बसली बघा." सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: साखर ३८, ग्लुकोज दिले.

त्या डॉक्टरांनी पोरीचा जीव वाचवला, यात वाद नाही. पण ग्लुकोज देण्याआधी रक्ताची एक नळी भरून ठेवली नव्हती. माझ्याकडे आली तेव्हा साखर १२४ होती. आता कुठलीही तपासणी केली तरी ती नॉर्मलच येणार. विहिरीचा तळ पाणी आटल्यावरच दिसतो. भरलेल्या विहिरीत डोकावून मी काय सांगणार?

ज्यांच्या घरात 'पोराची साखर कमी झाली' हे वाक्य पहिल्यांदाच आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सांगली-मिरजेत मुलांचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर मिळतो. जत, आटपाडी, शिराळ्याच्या वाडीवस्तीवर तसं नाही, तिथे पहिला अर्धा तास तुमच्याच हातात असतो. आणि हो, साखर कमी होणं म्हणजे 'एवढ्याशा पोराला शुगर झाली' असं नव्हे. मधुमेहाच्या मुलांना इन्शुलिनमुळे साखर कमी होण्याचा त्रास होतो हे खरं, पण या लेखातली बहुतेक मुलं मधुमेहाची नाहीत. ताप जसा आजार नसून आजाराची खूण असते, तशीच कमी साखर ही खूण आहे. तिच्यामागचं कारण शोधावं लागतं.

पहिलं काम: साखर

मूल दरदरून घामेजलंय, पांढरं पडलंय, थरथरतंय, चिडचिड करतंय किंवा उगाच बरळतंय, उठवलं तर पुन्हा झोपतंय, फिट आलीय. लहान बाळ असेल तर दूध ओढत नाही, अंग सैल पडलंय, हातपाय सारखे थडथडतात, अंग गार लागतं. ग्लुकोमीटर असेल तर बोटाला सुई टोचून आकडा बघा. नसेल तर आकड्यावाचून अडू नका.

मूल शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर पाव कप पाण्यात दोन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर घालून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. सुधारलं तर दूध-भाकरी, भात असं काहीतरी पोटात जाऊ द्या, कारण नुसती साखर लवकर संपते. बाळ अंगावर पीत असेल तर लगेच पाजा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

मूल बेशुद्ध असेल किंवा फिट चालू असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, तो फुफ्फुसात जातो. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत चिमूटभर साखर दोन थेंब पाण्यात ओली करून गालाच्या आतल्या बाजूला लावता येते, त्याहून जास्त काही नको. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दृष्ट काढणं यात दहा-पंधरा मिनिटं जातात आणि मेंदूला तेवढीही परवडत नाहीत.

आकडा खरा की खोटा?

इन्शुलिन घेणाऱ्या मुलाची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी धरून लगेच साखर द्यायची. मधुमेह नसलेल्या मुलात कारणाचा शोध घ्यायचा तर आम्ही ५० च्या खालचा आकडा धरतो. हे आकडे १०० मिलिलिटर रक्तातले. नवजात बाळाचं गणित वेगळं असतं. पहिल्या दोन दिवसांत आकडे खाली असतात आणि पुष्कळदा आपोआप वर येतात. दोन दिवस उलटून गेल्यावरही बाळ ६० च्या वर टिकत नसेल तर मात्र 'अजून लहान आहे' म्हणून सोडायचं नाही.

ग्लुकोमीटर कामाचा आहे, पण खालच्या आकड्यांत तो थोडा गडबडतो. रक्त फार कमी असलेल्या मुलात तो साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, रक्त दाट असलेल्या नवजात बाळात कमी. आमच्या भागातला खास घोटाळा म्हणजे द्राक्षं. तासगावकडच्या एका मुलाचा आकडा २१० आला होता, पोरगं मात्र गार आणि गळलेलं. बोटं साबणानं धुऊन, पुसून पुन्हा तपासलं तर ४४. बोटाला द्राक्षाचा रस होता. म्हणून बोट आधी धुवा. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर भागवू नका.

घरचा आकडा लॅबमधून पक्का करून घ्यावा लागतो. त्यासाठीचं रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतात, तिच्यात साखर टिकवणारं फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्ताच्या पेशी साखर खात बसतात आणि तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होते. जतहून साध्या नळीतलं रक्त दुपारच्या एसटीनं सांगलीला आलं तर ठणठणीत पोराचीही साखर कमी निघू शकते. असा खोटा रिपोर्ट घेऊन घाबरलेले आईबाप मी कितीदा पाहिलेत.

आणखी एक पडताळा आहे, १९३८ सालापासूनचा, व्हिपल नावाच्या सर्जनचा. त्रास हवा, त्याच वेळी आकडा कमी हवा आणि साखर दिल्यावर त्रास थांबायला हवा. तिन्ही जुळलं तर साखरेवर बोट ठेवायचं. तान्हं बाळ त्रास सांगू शकत नाही, म्हणून तिथे आकड्यावरच जास्त भिस्त.

ती दोन मिनिटं

हा भाग मोबाईलवर उघडून दवाखान्यात दाखवलात तरी चालेल. चांगला डॉक्टर राग मानणार नाही.

हाताला सुई लावली की सलाईन जोडण्याआधी त्याच सुईतून साधारण ५ मिलिलिटर रक्त काढून घ्यायचं आणि लगेच ग्लुकोज सोडायचं. शीर मिळत नसेल, मूल फारच खालावलं असेल तर रक्ताचा नाद सोडायचा आणि ग्लुकोज द्यायचं. नमुन्यासाठी उपचार थांबवणं हा गुन्हा आहे. पण सुई लागलेलीच असताना नळी न भरणं ही निव्वळ सवयीची चूक.

या रक्तात बघायचं काय? साखर, इन्शुलिन, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्शुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा), फ्री फॅटी ॲसिड (चरबी मोडली की रक्तात येतं ते), कीटोन (त्यापासून यकृत बनवतं ते इंधन), कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन, लॅक्टेट, अमोनिया. शिवाय जाड फिल्टर पेपरवर रक्ताचे काही थेंब वाळवून ठेवायचे, त्यातून ॲसिलकार्निटीन, म्हणजे चरबी नीट जळते का हे सांगणारे घटक, तपासतात आणि तो कागद कुरिअरनंही जातो. अमोनियाची नळी बर्फात ठेवतात. इन्शुलिनसाठी रक्त लवकर यंत्रात गरगर फिरवून त्यातला द्रव गोठवावा लागतो. तालुक्याला ही सोय नसेल तर नळ्या बर्फाच्या डब्यात घालून पुढे पाठवायच्या. सगळ्यालाच रक्त पुरत नसेल तर साखर, इन्शुलिन, कीटोन आणि कॉर्टिसॉल आधी.

त्यानंतरची पहिली लघवी टाकून देऊ नका. ही जबाबदारी आईची. स्वच्छ वाटी, बाटली, काहीही चालेल. त्यात कीटोन बघतात आणि ऑरगॅनिक ॲसिडही. गडबडीत रक्त राहून गेलं असेल तर पुष्कळदा या वाटीभर लघवीनंच धागा हाती दिलाय.

शेवटचा घास कधी?

मी रिपोर्टाआधी घड्याळाचं विचारतो. त्रास सुरू झाला तेव्हा शेवटचं खाऊन किती तास झाले होते? त्यासाठी शरीर कसं चालतं हे थोडं समजून घ्यावं लागेल.

घरात धान्य तीन ठिकाणी असतं असं धरा. स्वयंपाकघरातला डबा, माजघरातली कणगी आणि जमिनीखालचं पेव. नुकतं खाल्लेलं अन्न म्हणजे डबा, तो तीन-चार तास पुरतो. मग यकृतात साठवलेली साखर निघते, ती कणगी. मुलाची कणगी छोटी, मेंदू मात्र मोठा. तान्ह्या बाळाला वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ४ ते ६ मिलिग्रॅम ग्लुकोज लागतं, मोठ्या माणसाला साधारण २. म्हणून बाळाची कणगी लवकर रिकामी होते. मग शरीर पेव उघडतं, म्हणजे चरबी मोडतं आणि तिच्यापासून कीटोन बनवतं, ज्यावर मेंदू वेळ मारून नेतो. इन्शुलिन म्हणजे या सगळ्याचं कुलूप. ते असेल तर कणगीही बंद आणि पेवही बंद.

आता घड्याळ लावा. खाऊन दोन-तीन तासांतच साखर पडते आणि वारंवार पडते, तर इन्शुलिन जास्त असल्याची शंका. चार ते आठ तासांनी पडते, पोट मोठं आहे, तर कणगीचं दार बिघडलंय. रात्रभर उपाशी राहिल्यावर किंवा तापात, उलट्यांत, पहाटे पडते, तर पेवाची गडबड, हॉर्मोनची कमतरता किंवा पातळ अंगाच्या मुलांत दिसणारी साधी कीटोनवाली कमी साखर. दूध सुरू केल्यावर कावीळ आणि उलट्या, तर गॅलॅक्टोसीमिया, म्हणजे दुधातली साखर न पचण्याचा जन्मजात आजार, आठवायचा. फळ, साखर, मध तोंडाला लागल्यावर त्रास, तर फ्रुक्टोज न पचण्याचा आनुवंशिक आजार. ही मुलं मोठी झाली की गोडाला शिवत नाहीत आणि त्यांच्या दातांना कीड नसते. उसाच्या मुलखात पेढा नको म्हणणारं पोर लाडात वाढलंय असं आजीला वाटतं, मला मात्र त्याचं यकृत तपासावंसं वाटतं. अशा मुलाला घरची साखर देऊन चालत नाही, कारण तिच्यात अर्धं फ्रुक्टोज असतं. त्याला फक्त ग्लुकोज.

घरी वही करा. शेवटचं काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता, आकडा किती, साखर दिल्यावर किती वेळात सुधारलं. जन्माचं वजन, आईला बाळंतपणात मधुमेह होता का, आधीचं एखादं भावंड लहानपणी अचानक गेलं का, हेही लिहा. आणि नातं. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे आहे. डॉक्टर 'तुमचं लग्न नात्यातलं का?' विचारतात ते टोचून बोलण्यासाठी नाही. यातले बरेच आजार आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतात, आणि नात्यात तसं जुळण्याची शक्यता वाढते. उत्तर लपवलंत तर शोध महिनाभर लांबतो.

आजोबांची गोळी

दोन-तीन वर्षांचं, काल संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेलं मूल अचानक साखर कमी होऊन आलं तर मी आईबापांना बाजूला ठेवून आजी-आजोबांना विचारतो, "तुम्हाला शुगर आहे का? गोळ्या कुठे ठेवता?" ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. लहान मुलाला एक गोळीसुद्धा धोक्यात घालते. आणि फसवी गोष्ट अशी, की परिणाम काही तासांनी दिसतो आणि साखर एकदा वर आली तरी पुन्हा पडते. त्यामुळे गोळी गिळल्याची नुसती शंका असली तरी मूल किमान २४ तास दवाखान्यात, दर तासा-दोन तासांनी साखर बघत ठेवायचं. रक्तात इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही जास्त येतात, म्हणजे हुबेहूब जन्मजात आजारासारखंच चित्र. बाहेरून इन्शुलिनचं इंजेक्शन गेलं असेल तर इन्शुलिन जास्त पण सी-पेप्टाइड कमी.

पाकिटं मोजा. पट्टीतली एक गोळी कमी आहे का? उशीखाली, टीव्हीमागे, देवाच्या फळीवर ठेवलेल्या गोळ्या पोराच्या हाताला सहज लागतात. ग्लासात उरलेल्या दारूचा घोटही साखर पाडतो. बीपीसाठी, डोकेदुखीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉलसुद्धा. आणि मुलाला दमा किंवा किडनीसाठी बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल तर ते मनानं एकदम बंद करू नका. तेही एक कारण आहे.

डॉक्टर अंगावर काय बघतात

हे थोडक्यात. यकृत मोठं आहे का, गाल बाहुलीसारखे गुबगुबीत आहेत का, उंची वयाला कमी आहे का. त्वचा, हिरड्या काळवंडल्यात का, कारण ॲड्रिनल ग्रंथी थकली की तसं होतं. टाळू फाटलेला, मुलाचं लिंग फार लहान, कावीळ लांबलेली असेल तर पिट्युटरीकडे, म्हणजे मेंदूखालच्या हॉर्मोनच्या ग्रंथीकडे, बघायचं. जन्मतः खूप वजनदार बाळ, जीभ मोठी, बेंबीशी हर्निया, तर इन्शुलिनकडे. आणि जंतुसंसर्ग, जुलाब, मलेरिया, यकृताची सूज हे तर आधीच बघायचं, कारण आजारी मुलात कमी साखरेचं कारण पुष्कळदा तेच असतं.

कुपोषण

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे चारला कोयता फडात जातो आणि कोपीवरचं लेकरू उपाशीपोटी बैलगाडीत झोपलेलं. या मुलांकडे कणगीही रिकामी आणि पेवही. तीव्र कुपोषित मुलाची साखर ५४ च्या खाली असेल तर कमी धरतात. अंग गार पडलेलं असेल, तपासायची सोय नसेल, तर कमी आहे असंच समजून वागायचं. शुद्धीवर असेल तर ५० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा साखर पाजायची, अंगाला उब द्यायची आणि मग दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं दूध-अन्न. इथे हॉर्मोनची महागडी यादी काढत बसण्यात अर्थ नाही. कारण आपल्यासमोर थंडीत कुडकुडत बसलेलं असतं.

रिपोर्ट कसा वाचायचा

आकडे डॉक्टरच बघतील. तरी चार वाटा तुम्हाला माहीत असू द्या.

साखर ५० च्या खाली असताना रक्तात इन्शुलिन सापडायलाच नको. सापडलं, कीटोन कमी, फ्री फॅटी ॲसिडही कमी, म्हणजे कुलूप घट्ट लागलंय. ग्लुकागॉनचं, म्हणजे यकृतातली साखर बाहेर काढणाऱ्या हॉर्मोनचं, इंजेक्शन दिल्यावर साखर ३० मिलिग्रॅमनं किंवा त्याहून जास्त वाढली तर शंका पक्की होत जाते, कारण कणगी भरलेली होती, फक्त उघडत नव्हती. अशा बाळाला सलाईनमधून किलोमागे मिनिटाला ८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुकोज लागतं. हा हायपरइन्शुलिनिझम. मेंदूला सर्वांत जास्त धोका याच्यात, कारण साखरही नाही आणि कीटोनही नाहीत. इथे वेळ घालवू नका, मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञाकडे जा. डायझॉक्साइड हे पहिलं औषध, आणि पुढची दिशा जनुक-तपासणीनं ठरते.

फ्री फॅटी ॲसिड भरपूर पण कीटोन नाहीत, म्हणजे पेव उघडलं पण जातं फिरत नाही. चरबी जाळण्याचा जन्मजात दोष, त्यासाठी तो वाळवलेल्या थेंबांचा कागद. बिहारमधल्या मुझफ्फरपुरात लिचीच्या हंगामात मुलं पहाटे फिट येऊन दगावत. २०१४ सालच्या तपासात दिसलं, की लिचीतलं विष हेच जातं अडवतं आणि आदल्या रात्री न जेवलेल्या मुलांना धोका जास्त होता.

लॅक्टेट जास्त, यकृत मोठं, तर कणगीच्या दाराचा आजार, म्हणजे ग्लायकोजेन साठण्याचा. कीटोन भरपूर, इन्शुलिन शून्य, तर शरीरानं आपलं काम बरोबर केलंय, धान्यच कमी पडलं. मग कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन बघायचे. तेही ठीक असतील तर बहुधा दीड ते पाच वर्षांच्या मुलांतली कीटोनवाली कमी साखर, जी आठ-नऊ वर्षांपर्यंत बहुतेकांत आपोआप जाते. एक सावधगिरी: कमी साखरेच्या एकाच नमुन्यात ग्रोथ हॉर्मोन किंवा कॉर्टिसॉल कमी आलं म्हणून लगेच त्याचा शिक्का मारायचा नाही, ते वेगळ्या चाचणीनं पक्कं करतात.

संधी हुकली असेल तर

त्या हळदीच्या पोरीचं तसंच झालं होतं. आधी फिल्टर पेपरची तपासणी केली. चरबी जाळण्याचा दोष असलेल्या मुलाला उपाशी ठेवणं जिवावर बेतू शकतं, म्हणून हा क्रम बदलायचा नाही. ती नॉर्मल आल्यावर पोरीला दाखल करून, सुई लावून, ग्लुकोज उशाशी ठेवून उपाशी ठेवलं आणि साखर बघत राहिलो. सोळाव्या तासाला ४६. नळ्या भरल्या, ग्लुकोज दिलं. कीटोन भरपूर, इन्शुलिन नाही, बाकी हॉर्मोन ठीक. हळदीच्या रात्री नाचून दमून ती न जेवताच झोपली होती, एवढंच. 'घरीच एक रात्र उपाशी ठेवून बघतो' असं म्हणणारे बाप मला भेटलेत. कृपा करून तसं करू नका.

आजी आता तिला झोपताना दूध-भाकरी कुस्करून देते, आणि ताप किंवा उलट्या असल्या की थोडं थोडं साखरपाणी.

सुटी मिळाल्यावर

कारण सापडो न सापडो, डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घ्या: 'या मुलाची साखर कमी झाल्यास आधी रक्त, लगेच ग्लुकोज', सोबत १० टक्के डेक्स्ट्रोजची (सलाईनमधल्या ग्लुकोजची) वजनाप्रमाणे मात्रा. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर, एक झेरॉक्स शाळेत, एक अंगणवाडीताईंकडे. मामाच्या गावी जाताना ते कपड्यांच्या पिशवीत नको, वरच्या खिशात. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपची डबी उघडलीत त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनानं लिहा आणि किती दिवसांत संपवायच्या ते डबीवर वाचा. टोपण उघडं राहिलं तर आपल्या पावसाळ्यात स्ट्रिप ओल धरतात आणि आकडा चुकतो.